वाळलेल्या फांदीवर नवी बुरशी सापडते, म्हणजे नेमके काय होते?

अक्रोड, बदाम, पिस्ता, हेझलनट, चेस्टनट, मॅकाडेमिया यांसारख्या कठीण कवचाची फळे देणाऱ्या झाडांच्या काही फांद्या दरवर्षी वाळतात. काहींना वरच्या दाट पानांमुळे पुरेसे ऊन मिळत नाही, काही कडाक्याच्या थंडीने किंवा पाण्याच्या ताणाने मरतात, तर काहींना कीड किंवा रोग लागलेला असतो. अशी फांदी कोरडी आणि निर्जीव दिसते. मात्र तिची साल दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिली, तर सालीतून वर आलेले, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे काळे ठिपके आणि उंचवटे दिसू लागतात. त्यांतील बरेचसे ठिपके म्हणजे सूक्ष्म बुरश्यांचे फळपिंड, अर्थात बीजाणू तयार करणारे अवयव असतात. हातभर लांबीच्या एकाच फांदीवर अशा अनेक वेगवेगळ्या बुरश्या शेजारी शेजारी नांदत असू शकतात, आणि त्यांतील एखादीला आजवर कोणीच नाव दिलेले नसणे अजिबात दुर्मीळ नाही.

याचे कारण आकड्यांत आहे. जगात बुरश्यांच्या २२ ते ३८ लाख प्रजाती असाव्यात, असा अंदाज डेव्हिड हॉक्सवर्थ आणि रॉबर्ट ल्युकिंग या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडला. शास्त्रीय नाव मिळालेल्या प्रजाती मात्र दीड लाखाच्या थोड्या पुढे आहेत आणि त्यांत दरवर्षी साधारण दोन ते अडीच हजारांची भर पडते. या वेगाने उरलेल्या प्रजातींना नावे देण्यास सुमारे हजार वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागेल. त्यामुळे बुरशीची नवी प्रजाती मिळाली, या बातमीत आश्चर्याचा भाग तसा कमी असतो. खरे कष्ट वेगळ्याच ठिकाणी पडतात. समोरचा काळा ठिपका नवा आहे हे त्याच्याकडे कितीही निरखून पाहिले तरी कळत नाही. आधी नाव मिळालेल्या, त्याच्याशी साम्य असलेल्या सगळ्या बुरश्यांशी त्याची तुलना पूर्ण झाली, की मगच ते ठरते. शोधाचा मोठा भाग बागेत घडत नाही, प्रयोगशाळेत आणि जुन्या नोंदींत घडतो, ही या विषयातील सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे.

बुरशी फांदीत येते केव्हा?

फांदी मेली, मग हवेतून बीजाणू आले आणि बुरशी वाढली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. काही बुरश्यांच्या बाबतीत तो बरोबरही आहे. परंतु झाडाला अजून चिकटलेल्या, नुकत्याच वाळलेल्या फांदीवर ज्या बुरश्या प्रथम दिसतात, त्यांतील कित्येक जणी फांदी हिरवी असतानाच आत शिरलेल्या असतात. पानाचा देठ गळाल्यावर राहिलेला व्रण, सालीवरची श्वसनरंध्रे, छाटणीची जखम किंवा किडीने पाडलेले छिद्र अशा वाटांनी त्या आत जातात आणि कोणतेही लक्षण न दाखवता महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे तिथे राहतात. अशा बुरश्यांना अंतर्वासी बुरश्या म्हणता येईल.

त्या इतका काळ गप्प का राहतात, याचे एक उत्तर पाण्यात आहे. जिवंत लाकडातील वाहिन्या पाण्याने भरलेल्या असतात, त्यामुळे तिथे हवा, म्हणजेच प्राणवायू, फारच कमी असतो आणि बुरशीच्या तंतूंना जोमाने वाढता येत नाही. फांदीचा पाणीपुरवठा कमी झाला, की वाहिन्यांमध्ये हवा शिरते, झाडाची प्रतिकारक रसायने तयार होणे मंदावते आणि आतल्या बुरशीला अचानक मोकळीक मिळते. ब्रिटनमधील लिन बॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडाला लागून असलेल्या फांद्यांच्या कुजण्याचा दीर्घकाळ अभ्यास करून ही प्रक्रिया चांगली उलगडली आहे. फांदी वाळू लागते तेव्हा आत सुप्त असलेली एखादी बुरशी काही आठवड्यांत बराच मोठा भाग व्यापू शकते, कारण तिला बाहेरून यावे लागत नाही, ती आधीपासूनच अनेक ठिकाणी विखुरलेली असते.

याचा अर्थ असा, की वाळकी फांदी एका प्रकारे जिवंत झाडाच्या आतल्या रहिवाशांची यादी उघड करते. जिवंत फांदीत जी बुरशी केवळ विरळ तंतूंच्या रूपात असते आणि ज्या अवस्थेत तिची ओळख पटवणे जवळपास अशक्य असते, तीच बुरशी मृत सालीवर फळपिंड तयार करते, बीजाणू देते आणि पहिल्यांदाच अभ्यासण्याजोग्या रूपात समोर येते. म्हणूनच बुरशीशास्त्रज्ञ हिरव्यागार झाडाखाली उभे राहूनही नजर वाळक्या काटक्यांकडेच लावतात.

पुढे फांदी गळून जमिनीवर पडली, की मातीतील आणि पालापाचोळ्यातील बुरश्या तिच्यावर येतात, लाकूड कुजवण्यात तरबेज असलेल्या छत्रीधारी बुरश्याही त्यांत असतात, आणि आधीच्या रहिवाशांची जागा हळूहळू घेतली जाते. झाडावरची वाळकी फांदी आणि झाडाखालची वाळकी फांदी या दोन वेगळ्या वस्त्या आहेत. नमुना गोळा करताना तो कोणत्या फांदीवरून घेतला हे न लिहिणे ही चूक नंतर भरून काढता येत नाही.

याच झाडांकडे लक्ष का?

कोणत्याही झाडाच्या वाळक्या फांद्यांवर नव्या बुरश्या मिळू शकतात. कवचफळांच्या झाडांचे वैशिष्ट्य असे, की माणसाने ती आपल्या मूळ प्रदेशापासून फार दूर नेली आहेत. मॅकाडेमिया मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण आज चीनच्या युनान प्रांतात त्याच्या मोठ्या बागा आहेत. अक्रोडाच्या नात्यातील पेकन मूळचा उत्तर अमेरिकेचा. अक्रोड मध्य आशियाच्या डोंगरांतून निघून जवळजवळ सर्व समशीतोष्ण प्रदेशांत पोहोचला. कलमे आणि रोपे यांच्याबरोबर त्यांच्या आत दडलेल्या बुरश्याही प्रवास करतात, आणि नव्या ठिकाणी स्थानिक जंगलातील बुरश्या या पाहुण्या झाडांवर बस्तान बसवतात. दोन्ही गोष्टींची नोंद ठेवण्याची गरज का असते, हे चेस्टनटच्या इतिहासाने फार महागात शिकवले आहे.

१९०४ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील वनाधिकारी हर्मन मर्केल यांना तेथील अमेरिकन चेस्टनटच्या झाडांची साल फाटून फांद्या वाळत असल्याचे दिसले. विल्यम मरिल यांनी १९०६ मध्ये या रोगाच्या बुरशीला नाव दिले. आज ती क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका या नावाने ओळखली जाते. पुढच्या सुमारे अर्ध्या शतकात पूर्व अमेरिकेच्या जंगलांतील तीन ते चार अब्ज झाडे या बुरशीने संपवली, असा अंदाज केला जातो. १९१३ मध्ये फ्रँक मेयर यांना तीच बुरशी चीनमध्ये तेथील चेस्टनटवर आढळली, आणि तिथली झाडे मात्र तिला बऱ्यापैकी तोंड देऊन उभी होती. बुरशी जुनीच होती, तिचे आणि आशियाई झाडांचे नाते जुने होते. नवे होते ते अमेरिकन झाडाशी जुळलेले नाते. आशियातील चेस्टनटच्या सालीवर काय काय राहते याची यादी त्या वेळी कोणाकडे असती, तर रोपांची आयात करताना निदान प्रश्न तरी विचारला गेला असता. यादीने ती आपत्ती नक्की टळली असती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण यादीच नसल्यावर प्रश्न सुचण्याचीही सोय राहत नाही.

या कथेचा एक धागा मृत फांदीच्या अभ्यासाला विशेष लागू पडतो. ही बुरशी झाड मेल्यावरही मृत सालीवर टिकते आणि बीजाणू तयार करते, शिवाय ओकसारख्या इतर झाडांवर फारशी हानी न करता राहू शकते. म्हणजे एकच बुरशी एका झाडावर घातक, दुसऱ्यावर जवळपास निरुपद्रवी आणि मृत सालीवर निव्वळ मृतोपजीवी, म्हणजे मृत पदार्थांवर जगणारी, असू शकते.

फांदीपासून नावापर्यंत

नमुना गोळा करण्याचे काम दिसायला साधे आहे. फळपिंड दिसणारा फांदीचा तुकडा कापून कागदी पाकिटात ठेवला जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि मागून आलेल्या सामान्य बुरश्या मूळ बुरशीला झाकून टाकतात, म्हणून कागद. पाकिटावर झाडाचे नाव, ठिकाण, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख आणि फांदी झाडावर होती की जमिनीवर, हे लिहिले जाते. फळपिंड पक्व नसतील तर तुकडा काही दिवस ओलसर बंद डबीत ठेवून त्यांना पक्व होऊ दिले जाते.

नंतर सूक्ष्मदर्शकाचे काम सुरू होते. धारदार पात्याने फळपिंडाचा पातळ उभा काप घेऊन त्याची भिंत किती जाड आहे, तोंड कसे आहे, तो सालीत रुतलेला आहे की वर उभा आहे, हे पाहिले जाते. वाळक्या फांद्यांवरच्या बहुतेक सूक्ष्म बुरश्या ॲस्कोमायकोटा या मोठ्या गटातील असतात. त्यांचे लैंगिक बीजाणू सूक्ष्म पिशव्यांमध्ये, सहसा एका पिशवीत आठ, असे तयार होतात. या पिशवीची रचनाही पुष्कळ काही सांगते. डोथिडिओमायसीट्स या वर्गातील बऱ्याच बुरश्यांच्या पिशवीला दोन भिंती असतात. पक्व झाल्यावर बाहेरची भिंत फाटते, आतली लांब होत फळपिंडाच्या तोंडापर्यंत वर येते आणि बीजाणू बाहेर फेकते. सॉर्डॅरिओमायसीट्स या दुसऱ्या वर्गात पिशवीची भिंत एकेरी असते, आणि तिच्या टोकाशी असलेले कडे काही गटांत आयोडीनयुक्त द्रावणाने निळे होते. बीजाणूंची लांबी-रुंदी मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. एकदोन बीजाणूंवर समाधान न मानता तीस-चाळीस मोजून लहान-मोठ्यांचा पल्ला नोंदवतात, कारण एकाच फळपिंडातले बीजाणूही आकाराने सारखे नसतात.

इथवरचे काम एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकही करीत आणि त्यांची चित्रे आजही उपयोगी पडतात. अडचण अशी, की सूक्ष्म बुरश्यांकडे वेगळेपण दाखवण्यासाठी अवयव फार थोडे आहेत. गडद तपकिरी, मधोमध एक आडवा पडदा असलेला, वीस मायक्रोमीटरचा बीजाणू एकमेकींशी दूरचेही नाते नसलेल्या अनेक बुरश्यांमध्ये आढळतो. त्यात भर म्हणजे एकाच बुरशीचे दोन अवतार असू शकतात: एक लैंगिक बीजाणूंचा आणि एक अलैंगिक बीजाणूंचा, आणि दोन्ही दिसायला इतके निराळे, की त्यांना दोन वेगवेगळी नावे देण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती.

म्हणून पुढची पायरी म्हणजे शुद्ध वाढ मिळवणे. फळपिंडातील बीजाणू निर्जंतुक पाण्याच्या थेंबात मिसळून अगार या जेलीसारख्या माध्यमाच्या पातळ थरावर पसरवतात. बऱ्याच बुरश्यांचे बीजाणू बारा ते चोवीस तासांत रुजतात. रुजलेला एकच बीजाणू बारीक सुईने उचलून बटाट्याचा अर्क आणि साखर घातलेल्या नव्या अगारवर ठेवला जातो. एकच बीजाणू घेण्याचा आग्रह अशासाठी, की फांदीवर अनेक बुरश्या गुंतलेल्या असतात आणि दोन बुरश्यांचे मिश्रण वाढले तर पुढचा सगळा निष्कर्ष चुकीचा ठरतो. काही बुरश्या इथे सहकार्य करीत नाहीत. हेझलनटच्या फांद्या वाळवणारी ॲनिसोग्रामा ॲनोमाला ही बुरशी जिवंत हेझलच्या ऊतींवर इतकी अवलंबून आहे, की कृत्रिम माध्यमावर तिची वाढ अत्यंत मंद आणि कष्टसाध्य असते. अशा वेळी फळपिंडातूनच थेट डीएनए काढावा लागतो.

डीएनए काय सांगतो आणि काय सांगत नाही

शुद्ध वाढीतून डीएनए वेगळा करून त्याच्या ठरावीक तुकड्यांच्या पीसीआर तंत्राने असंख्य प्रती काढतात आणि त्यांतील अक्षरांचा क्रम वाचतात. बुरश्यांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा तुकडा आयटीएस नावाने ओळखला जातो. रायबोसोमशी संबंधित जनुकांच्या मधल्या या भागाच्या पेशीत पुष्कळ प्रती असतात, त्यामुळे तो थोड्याशा नमुन्यातूनही मिळतो, आणि २०१२ मध्ये त्याला बुरश्यांच्या ओळखीचा अधिकृत बारकोड म्हणून स्वीकारण्यात आले. परंतु जवळच्या प्रजातींमध्ये फरक करण्यास हा एक तुकडा अनेकदा अपुरा पडतो. म्हणून संशोधक चार-पाच जनुके एकत्र पाहतात: काही जनुके सावकाश बदलतात आणि बुरशी कोणत्या कुलातील आहे हे सांगतात, तर भाषांतरण-दीर्घीकरण घटक किंवा बीटा-ट्युब्युलिन यांची जनुके लवकर बदलतात आणि सख्ख्या प्रजातींमधला भेद दाखवतात.

मिळालेला क्रम सार्वजनिक माहितीसाठ्यातील क्रमांशी जुळवून पाहणे ही पहिली चाचणी असते आणि इथेच नवख्यांची फसगत होते. माहितीसाठ्यात क्रम कोणीही, आपल्याला योग्य वाटेल त्या नावाने जमा करू शकतो. बुरश्यांच्या जमा क्रमांपैकी सुमारे वीस टक्के क्रमांची ओळख विश्वासार्ह नसावी, असा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने काढला होता. त्यामुळे ९९ टक्के साम्य आढळले तरी ते साम्य नेमके कोणाशी आहे, हे तपासावेच लागते. विश्वासार्ह तुलना होते ती प्रमाण नमुन्याशी, म्हणजे त्या प्रजातीचे नाव ज्या प्रत्यक्ष नमुन्याला बांधलेले आहे, त्या नमुन्यातून मिळालेल्या क्रमाशी. जमिनीच्या मोजणीत हद्दीचा दगड जे काम करतो तेच काम नामकरणात हा नमुना करतो. पुढे प्रजातीच्या व्याख्येविषयी कितीही वाद झाले, तरी नाव कुठून मोजायचे हे तो ठरवून देतो.

सगळे क्रम मांडून संगणकाच्या साहाय्याने वंशावळ काढली जाते. तिच्यात नव्या बुरशीची स्वतंत्र शाखा दिसली आणि माहितीचे वेगवेगळे यादृच्छिक नमुने घेऊन वंशावळ पुन्हा पुन्हा काढल्यावरही ती शाखा टिकली, तर दावा बळकट होतो. वेगवेगळ्या जनुकांनी स्वतंत्रपणे काढलेल्या वंशावळी एकच सीमारेषा दाखवत असतील तर तो अधिक बळकट होतो, कारण दोन गटांमधली जनुकांची देवाणघेवाण थांबल्याची ती खूण असते. एकाच फांदीवरचा एकच नमुना आणि दोन जनुकांतील मोजके फरक एवढ्यावर नवी प्रजाती जाहीर करणारे लेखही भरपूर निघतात. ते नियमांत बसतात. पण एका नमुन्यावरून त्या प्रजातीच्या आतील वैविध्य कसे कळणार, हा प्रश्न तिथे अनुत्तरित राहतो.

अक्रोडाच्या फांद्यांवरील एका शोधात ही सगळी साखळी नीट दिसते. अक्रोडाच्या वाळक्या फांद्यांच्या सालीतून काळ्या बीजाणूंचे पुंज बाहेर येतात, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. या बुरश्यांना भूर्ज कुलातील झाडांवर राहणाऱ्या मेलॅन्कोनिस वंशात बसवले जात असे, कारण बाह्य रूप बरेच जुळत होते. हर्मन फोग्लमायर, लिसा कॅसलबरी आणि वॉल्टर याक्लिच यांनी युरोप, उत्तर अमेरिका आणि जपानमधील नमुने एकत्र आणून अनेक जनुकांची तुलना केली, तेव्हा अक्रोडाच्या कुलावरील बुरश्या भूर्जावरच्या बुरश्यांपासून पूर्णपणे वेगळ्या असल्याचे निघाले. २०१७ मध्ये त्यांनी जुग्लॅन्कोनिस हा नवा वंश आणि त्याच्यासाठी नवे कुलही मांडले. गंमत अशी, की वंशावळीने वेगळेपण दाखवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा बारकाईने पाहिले, तर अलैंगिक बीजाणूच्या भिंतीच्या आतल्या बाजूला बारीक चामखिळीसारखे उंचवटे आढळले. ते खूणचिन्ह आधीही तिथेच होते. याच अभ्यासात युरोपातील अक्रोडावरून जुग्लॅन्कोनिस अपेंडिक्युलाटा ही नवी प्रजाती वेगळी काढली गेली. शतकभराहून अधिक काळ गोळा होत असलेल्या, संग्रहालयांत ठेवलेल्या बुरश्यांमध्ये एक निनावी प्रजाती मिसळलेली होती, आणि ती शोधायला कोणत्याही दुर्गम जंगलात जावे लागले नाही.

नाव देण्याचे नियम

बुरश्या वनस्पती नसल्या तरी त्यांच्या नामकरणाचे नियम ऐतिहासिक कारणांमुळे शैवाल, बुरशी आणि वनस्पती यांच्या सामाईक आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. १९३५ पासून नव्या बुरशीचे वर्णन लॅटिन भाषेत देणे सक्तीचे होते. १ जानेवारी २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी चालते. १ जानेवारी २०१३ पासून नाव प्रसिद्ध होण्याआधी मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरम यांसारख्या मान्य नोंदणीकेंद्राचा क्रमांक घ्यावा लागतो. लैंगिक आणि अलैंगिक अवतारांना वेगळी नावे देण्याची मुभाही २०११ च्या मेलबर्न परिषदेतील निर्णयानंतर संपली. आता एका बुरशीला एकच नाव. प्रमाण नमुना, म्हणजे बुरशी असलेला तो वाळलेला फांदीचा तुकडा, सार्वजनिक संग्रहालयात जमा करावा लागतो आणि जिवंत वाढ शक्यतो संवर्धन-संग्रहात ठेवली जाते.

प्रमाण नमुन्याच्या सक्तीमुळे एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली आहे. आज लाकडाच्या भुशातून किंवा मातीतून थेट डीएनए काढून हजारो बुरश्यांचे क्रम एकाच वेळी वाचता येतात, आणि त्यांतील पुष्कळ क्रम कोणत्याही नाव असलेल्या बुरशीशी जुळत नाहीत. त्या अस्तित्वात आहेत हे माहीत असूनही, हातात धरता येईल असा नमुना नसल्यामुळे त्यांना रीतसर नाव देता येत नाही. अशा वेळी फांदीवरचा फळपिंड शोधून त्याचा क्रम वाचणारा अभ्यासक, कधी कधी नकळत, यांपैकी एखाद्या निनावी क्रमाला त्याचा धनी मिळवून देतो.

नाव दिले म्हणजे विषय मिटला असेही नसते. चेस्टनटची फळे आतून कुजवणाऱ्या एका बुरशीचे वर्णन २०१२ या एकाच वर्षी दोनदा झाले: ऑस्ट्रेलियातून नोमोनिऑप्सिस स्मिथोगिल्वी या नावाने आणि इटलीतून नोमोनिऑप्सिस कॅस्टॅनी या नावाने. दोन्ही गट एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम करीत होते आणि दोघांच्याही समोर एकच बुरशी होती, हे नंतरच्या तुलनेत स्पष्ट झाले. डायपोर्थे या वंशात उलटी अडचण आहे. बदामाच्या कोवळ्या फांद्या वाळवणाऱ्या डायपोर्थे ॲमिग्डालीच्या आणि अनेक झाडांवर सापडणाऱ्या डायपोर्थे इरेसच्या आसपास गेल्या काही वर्षांत नव्या प्रजातींची गर्दी झाली होती. २०२१ च्या सुमारास अधिक कडक कसोट्या लावून पाहिले, तेव्हा त्यांतील बऱ्याच प्रजाती एकाच प्रजातीतील वैविध्य असल्याचा निष्कर्ष निघाला. प्रत्येक नवी प्रजाती हे एक अनुमान असते आणि पुढचे नमुने त्याची परीक्षा घेत राहतात. नावे कमी होणे हीसुद्धा या शास्त्राची प्रगतीच मानली पाहिजे, जरी तिची बातमी कोणी करीत नसले तरी.

नवी म्हणजे धोकादायक का?

नव्या बुरशीची बातमी वाचून बागायतदाराच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो. बहुतेक वेळा उत्तर नाही असेच असते. वाळक्या फांदीवरील बहुसंख्य बुरश्या मृत ऊती कुजवून त्यांतील पोषकद्रव्ये पुन्हा चक्रात आणतात, आणि त्यांच्यावाचून वाळक्या लाकडाचा निचरा होणार नाही. तरीही काही गटांकडे सावधपणे पाहावे लागते. बोट्रिओस्फेरिया आणि तिचे नातलग हे त्यांतील ठळक उदाहरण. या बुरश्या निरोगी दिसणाऱ्या झाडात सुप्त राहतात आणि दुष्काळ, कडाक्याची थंडी किंवा उन्हाचा चटका बसल्यावर रोगकारक बनतात. कॅलिफोर्नियाच्या पिस्त्याच्या आणि अक्रोडाच्या बागांत त्यांनी बरेच नुकसान केले आहे. त्यांचे फळपिंड मृत फांद्यांवर राहतात आणि पावसाच्या थेंबांनी उडालेले बीजाणू शेजारच्या घोसांवर व ताज्या जखमांवर जातात. म्हणूनच अशा बागांत वाळक्या फांद्या कोरड्या हवामानात छाटून बागेबाहेर नेण्याचा सल्ला दिला जातो.

जिओस्मिथिया मॉर्बिडा या बुरशीचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावे असे आहे. जिओस्मिथिया वंशातील बुरश्या सालीत बिळे करणाऱ्या भुंगेऱ्यांबरोबर राहणाऱ्या आणि झाडांना त्रास न देणाऱ्या म्हणूनच ओळखल्या जात. पश्चिम अमेरिकेत काळ्या अक्रोडाची झाडे मोठ्या प्रमाणात मरू लागली, तेव्हा त्यांच्या फांद्यांच्या सालीत जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या भुंगेऱ्याच्या असंख्य बिळांभोवती लहान लहान मृत डाग आढळले. एकेक डाग क्षुल्लक होता, पण शेकडो डाग एकमेकांना मिळून फांदीचा अन्नपुरवठा तोडत होते. त्या डागांतील बुरशीचे नवी प्रजाती म्हणून वर्णन २०११ मध्ये झाले. अन्य अक्रोडांवर हा भुंगेरा आणि ही बुरशी दोन्ही कमी उपद्रवाने राहतात. वंश निरुपद्रवी म्हणून प्रजातीही निरुपद्रवी असेल, हे गृहीतक इथे मोडले.

एखादी बुरशी रोगकारक आहे हे सिद्ध करण्यासाठी तिची शुद्ध वाढ निरोगी झाडाच्या जखमेत घालून रोग उत्पन्न होतो का, हे पाहावे लागते, आणि रोगट भागातून तीच बुरशी परत मिळवावी लागते. ही चाचणी महिनोन् महिने चालते, झाडे लागतात, जागा लागते, आणि नव्या प्रजातीच्या पहिल्या वर्णनात ती क्वचितच केलेली असते. त्यामुळे अशा वर्णनात बुरशीचा उल्लेख मृत फांदीवरील मृतोपजीवी असा आला, तर त्यावरून नमुना कुठे मिळाला एवढेच निश्चित कळते. फांदी हिरवी असताना ती बुरशी आत होती का, शेजारच्या जिवंत फांदीत ती आता आहे का, आणि दुसऱ्या प्रदेशातील दुसऱ्या झाडावर ती कशी वागेल, हे जिवंत सालीतून ती पुन्हा वेगळी काढून आणि लागणीची चाचणी करूनच ठरवावे लागते.